लोकर न हलवता धुण्याचा प्रयत्न: अल्ट्रासॉनिक तंत्राची पार्श्वभूमी

कच्च्या मेरिनो लोकरीच्या वजनात साधारण १० ते २५ टक्के चरबी असते. ती सोडवायला डिटर्जंट आणि ६० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. पण गरम पाण्यात लोकर ढवळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकर आळून घट्ट होते. तंतू जागचा न हलता मळ सुटावा, एवढ्यासाठी अल्ट्रासॉनिकचा, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरींचा विचार झाला.

साधन आलं ते समुद्रातून. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांचा पिझोविद्युत गुणधर्म, म्हणजे दाबल्यावर वीज निर्माण होण्याचा गुण, शोधला. पहिल्या महायुद्धात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लाँजव्हँ यांनी पाणबुड्या हुडकण्यासाठी क्वार्ट्झ पोलादी पट्ट्यांमध्ये बसवून ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेपासून ध्वनिलहरी काढणारं साधन, केला. आजही धुण्याच्या टाकीच्या तळाला असेच थराथरांचे ट्रान्सड्यूसर चिकटवतात, फक्त क्वार्ट्झच्या जागी सिरॅमिक असतं. या लहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि कोसळतात. असे बुडबुडे कोसळताना प्रचंड दाब निर्माण होतो, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रेले यांनी १९१७ मध्ये गणिताने दाखवलं. मळ सुटतो तो याच धक्क्यांनी.

याच लहरींनी रंगाई करण्याचे प्रयोग १९४०–५०च्या दशकांतच झाले, तरी कारखान्यात ते रुजले नाहीत. माझ्या मते मोठी अडचण तापमानाची आहे. आम्ल रंगांनी लोकर रंगवायची तर सामू (pH) ४ ते ५ ठेवून उकळीजवळ पाऊण-एक तास लागतो. तेवढ्या गरम पाण्यात बुडबुड्यात वाफ भरते, कोसळणं मऊ पडतं आणि लहरींचा जोर जातो. म्हणून ६० ते ८० अंशांवर रंगवण्याकडे संशोधन वळलं. तिथे लहरी तंतूभोवतीचा साचलेला पाण्याचा थर पातळ करतात, रंगाचे पुंजके फोडतात. शिवाय उकळीत होणारी तंतूची हानी टळते.

फसतं ते बहुधा पूर्वतयारीत. कोरड्या लोकरीत अडकलेली हवा लहरी अडवते, म्हणून आधी वेटिंग एजंट (पाणी तंतूंत लवकर मुरवणारं रसायन) घालून लोकर पूर्ण भिजवावी आणि टाकीतल्या पाण्यातली हवा काढावी. लोकर दाबून भरली तर बाहेरचा थर रंगतो, आतला फिका राहतो. टाकीत लहरींचा जोर दर अर्ध्या तरंगलांबीला कमी-जास्त होतो, आणि ४० किलोहर्ट्झला पाण्यातली अर्धी तरंगलांबी जेमतेम २ सेंटिमीटर. माल स्थिर राहिला तर त्याच अंतराने पट्टे उमटू शकतात. तो सावकाश सरकता ठेवावा.

विणलेल्या लोकरी कापडाचा अनुभव अधिक आशादायक आहे. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की हाताने धुतलेल्या कापडापेक्षा अल्ट्रासॉनिकने धुतलेलं कापड कमी आळतं.

आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीत चरबी थोडी. माती आणि कुसळंच जास्त. माती या लहरींनी सुटेल, पण तंतूंत गुंतलेली कुसळं नाही. त्यांच्यासाठी गंधकाम्लाचं कार्बनायझिंग, म्हणजे आम्ल आणि उष्णतेने कुसळं ठिसूळ करून झटकणं, वापरतात.