लालबाग राजवाडा (इंदूर)

लालबाग राजवाडा : इंदूरच्या होळकर संस्थानिकांचे, खान नदीच्या काठी सुमारे २८ हेक्टरांच्या बागेतील निवासस्थान. दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १८८६ मध्ये, बांधकामाला आरंभ झाला. त्याच वर्षी तुकोजीराव निवर्तले आणि शिवाजीराव (कार. १८८६–१९०३) व तिसरे तुकोजीराव (कार. १९०३–२६) यांच्या काळात काम टप्प्याटप्प्याने चालून ते १९२१ मध्ये पुरे झाले.

जुन्या इंदुरातील सातमजली राजवाड्याशी तुलना केल्यावाचून या वास्तूचे वेगळेपण ध्यानात येत नाही. त्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे लाकडी असून मराठी वाड्याच्या रीतीने तो चौकाभोवती रचलेला, म्हणजे आत तोंड करून बसलेला आहे. लालबागेची कोठी मात्र बाहेर, हिरवळीकडे पाहते. संगमरवरी स्तंभ, झुंबरे, रंगीत काचा, छतावरील ग्रीक पुराणकथांची चित्रे आणि पाश्चात्त्य नृत्यासाठी लाकडी जमिनीचे दालन अशी तिची अंतर्गत सजावट आहे. एका शैलीचे नाव तिला चिकटवणे कठीण, आणि तीन कारकिर्दींत वाढलेल्या घराकडून तशी अपेक्षाही करू नये. महाद्वार लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये ओतवून आणले, पण त्यावर मुद्रा होळकरांचीच आहे.

यापेक्षा लक्षणीय म्हणजे मुदपाकखाना. तो नदीच्या पलीकडच्या काठावर असून भुयारी मार्गाने राजवाड्याला जोडलेला आहे. स्वयंपाकघराचा धूर आणि वर्दळ दिवाणखान्यापासून दूर राहावी, तरी ताटे वेळेवर यावीत, ही सोय त्यातून साधली. वाड्यात माजघराला लागून असणारे स्वयंपाकघर येथे नदीपार गेले, हा राहणीतील बदल संगमरवरापेक्षा अधिक बोलका आहे.

बावला खून प्रकरणानंतर (१९२५ मध्ये मुंबईत व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला व त्यामागे इंदूर दरबाराचा हात असल्याचा संशय घेतला गेला) १९२६ मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांनी गादी सोडली. त्यानंतरही लालबागेशी त्यांचा संबंध राहिला (निधन १९७८). त्यांचे पुत्र यशवंतराव यांनी स्वतःसाठी माणिकबाग हा आधुनिक शैलीचा राजवाडा जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून १९३० च्या दशकात उभारून घेतला. लालबाग राजवाडा आता मध्य प्रदेश शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. शहराबाहेर म्हणून निवडलेली ही जागा इंदूर वाढले तशी वस्तीने वेढली गेली असून ‘मालवा उत्सव’ या लोककला व हस्तकलांच्या मेळ्यासाठी तिचेच मैदान वापरले जाते.