साकेच्या बाटलीवरचा टक्का आला कुठून?

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कोजी बुरशी वापरून मद्य बनवण्याच्या जपानी पारंपरिक कौशल्याची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशात केली आणि साकेबद्दलची, म्हणजे तांदळापासूनच्या जपानी मद्याबद्दलची, उत्सुकता पुन्हा वाढली. पण बाटली हातात घेतली की नवखा माणूस गोंधळतो. जुनमाई, होंजोझो, गिंजो, दाईगिंजो अशी नावं, शेजारी ६०, ५०, ३५ असे टक्के. ही वर्गवारी शतकानुशतकं चालत आली असावी असं वाटतं. आजच्या स्वरूपात ती लागू झाली १९९० मध्ये, आणि तिला आकार दिला तो चवीइतकाच करवसुलीने, युद्धाने आणि भाताच्या गिरणीने.

आधी मुळातली प्रक्रिया. द्राक्षात साखर तयार असते, तांदळात असतो स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च थेट पचत नाही. म्हणून वाफवलेल्या तांदळाच्या काही भागावर उबदार, दमट खोलीत सुमारे दोन दिवस कोजी, म्हणजे अ‍ॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवतात. तिच्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. कोजी, भात, पाणी आणि यीस्ट यांचं एक छोटं, जोमदार मिश्रण आधी तयार होतं. घरात विरजणाचं जे काम, तेच इथे त्याचं. मग चार दिवसांत तीन हप्त्यांनी त्यात आणखी भात, कोजी आणि पाणी घालतात आणि साधारण तीन-चार आठवडे ते आंबू देतात. साखर होणं आणि तिचं मद्य होणं, दोन्ही एकाच टाकीत, एकाच वेळी चालतं. ऊर्ध्वपातनाशिवाय अल्कोहोल १८ ते २० टक्क्यांपर्यंत पोचतं ते यामुळेच. मला साकेतली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. पुढे गाळणं, तापवणं, आणि बहुतेकदा पाणी घालून १५-१६ टक्क्यांवर आणणं. यातलं तापवणं पाश्चरच्या तीनशे वर्षं आधीचं: नारा इथल्या मठातल्या भिक्षूंच्या रोजनिशीत १५६८ सालीच त्याचा उल्लेख सापडतो.

लेबलवरचा टक्का मात्र गिरणीचा. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त. त्यांनी चव जड होते, सुवास दबतो. म्हणून तांदूळ सडतात, आणि सडून उरलेला भाग टक्क्यांत लिहितात. ६० म्हणजे दाण्याचा ४० टक्के भाग कोंडा-पीठ होऊन गेला. हातसडीने किंवा पाणचक्कीने इतकं सडणं जवळजवळ अशक्य होतं. हिरोशिमा प्रांतातल्या साइजोमध्ये साताके रिइची यांनी १८९६ मध्ये यंत्रशक्तीवर चालणारी गिरणी बनवली, १९३० च्या सुमारास उभ्या रचनेची गिरणी आली, आणि तेव्हा कुठे आजच्या गिंजोची, म्हणजे खूप सडलेल्या तांदळाच्या साकेची, वाट मोकळी झाली. त्याच प्रांतातल्या मिउरा सेन्झाबुरो यांनी मऊ, म्हणजे कमी खनिजांच्या, पाण्यात सावकाश आंबवण्याची पद्धत बसवली होती. तोवर नाव होतं ते कोबेजवळच्या नाडा भागाचं, तिथल्या खनिजयुक्त, कमी लोहाच्या पाण्यामुळे.

सरकारचं लक्ष होतं महसुलावर. १८९९ मध्ये घरगुती साके बनवण्यावर बंदी आली. त्याच सुमारास मद्यकराने जमीनमहसुलालाही मागे टाकलं. साके नासली की कर बुडणार, म्हणून १९०४ मध्ये सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. तिथे १९१० मध्ये लॅक्टिक आम्ल थेट घालून विरजण लवकर तयार करण्याची पद्धत निघाली. आज बहुतेक साके तशीच बनते.

मग युद्ध आलं. तांदूळ अपुरा पडला, आणि १९४० च्या दशकात मिश्रणात शुद्ध अल्कोहोल घालणं सुरू झालं. युद्धानंतर तर अल्कोहोल, ग्लुकोज आणि आम्लं घालून तेवढ्याच तांदळातून सुमारे तिप्पट माल काढू लागले. टंचाई संपली तरी सवय सुटली नाही, आणि साकेच्या नावाचं जे नुकसान झालं ते मुख्यतः इथेच. दर्जे तेव्हा तीन होते: विशेष, पहिला, दुसरा. दारू तपासणीला पाठवलीच नाही तर ती आपोआप दुसऱ्या दर्जाची ठरे आणि तिच्यावर कर कमी बसे. मियागी प्रांतातल्या इचिनोकुरा कारखान्याने १९७७ मध्ये चांगली साके मुद्दाम तपासणीविना बाजारात आणली आणि नावातच ‘मुकान्सा’, म्हणजे ‘न तपासलेली’, असं लिहिलं. ग्राहकांनी ती उचलून धरली. असे दर्जे टिकणं शक्यच नव्हतं. १९९२ मध्ये ते रद्द झाले.

त्याआधीच, १९९० पासून, आठ विशेष नावं लागू झाली होती. गिंजोला ६० टक्के किंवा कमी, दाईगिंजोला ५० किंवा कमी, होंजोझोला ७० किंवा कमी. ‘जुनमाई’ म्हणजे अल्कोहोल अजिबात न घातलेली. बाकीच्यांत ते चालतं, पण तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आतच. जुनमाईला असलेली ७० टक्क्यांची अट २००४ मध्ये काढली गेली. फक्त टक्का छापणं बंधनकारक राहिलं.

त्यामुळे ‘जुनमाई तेवढी खरी, बाकी भेसळ’ हा समज मला पटत नाही. गाळण्याच्या तोंडावर घातलेलं थोडं अल्कोहोल सुवासाची द्रव्यं साकेत उतरवतं, नाहीतर ती चोथ्याबरोबर जातात. स्पर्धांसाठी कित्येक कारखाने दाईगिंजो अशीच बनवत आले आहेत. एदो काळातही (सतरावं ते एकोणिसावं शतक) साके टिकावी म्हणून तीत शोचू, म्हणजे ऊर्ध्वपातित जपानी दारू, घालत. आणि जपानमध्ये रोज प्यायल्या जाणाऱ्या साकेचा मोठा वाटा आजही या आठ नावांच्या बाहेरचा, साध्या ‘फुत्सूशु’चा आहे.