पदपथ दुरुस्ती : पाहणी व खर्चाची आकारणी

नादुरुस्त पदपथाची (फुटपाथची) पाहणी करून दोष नोंदविणे आणि दुरुस्तीचा खर्च लगतच्या मिळकतदाराकडून किंवा नगरपालिकेच्या निधीतून भागविणे. अमेरिकेतील अनेक शहरांत हा भार मिळकतदारावर असतो.

या प्रथेचे मूळ वादग्रस्त आहे. अमेरिकेतील लाभाकारणीचा (कामाचा लाभ होणाऱ्या मिळकतींवर खर्च वाटून देण्याचा) आरंभ सामान्यतः न्यूयॉर्क प्रांताच्या 1691 च्या कायद्यात मानतात. तो लंडनच्या आगीनंतर झालेल्या 1667 च्या पुनर्बांधणी कायद्यावरून घेतलेला दिसतो. काही अभ्यासक हे मूळ इंग्लंडमधील रॉम्नी मार्शच्या समुद्रबांधासाठी 13 व्या शतकात घेतल्या जाणाऱ्या वर्गणीपर्यंत नेतात. पण तेथील साम्य केवळ तत्त्वाचे असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. नॉरवुड वि. बेकर (1898) खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लाभाहून बरीच अधिक आकारणी म्हणजे मोबदल्याविना मालमत्ता घेणे होय, असे ठरविले. 1901 मध्ये या निर्णयाची व्याप्ती आकसली. दुरुस्तीची वसुली मात्र काटेकोरपणे लाभाकारणी नव्हे. तिचा आधार मालकावरील कायदेशीर कर्तव्य हा आहे.

न्यूयॉर्कमध्ये निरीक्षक प्रत्येक लादी पाहतो. शेजारच्या दोन लाद्यांच्या पातळीत अर्धा इंच (सु. 13 मिमी.) किंवा अधिक फरक, हलणारी तडकलेली लादी, खालची माती वाहून झालेली पोकळी आणि चुकीचा उतार हे दोष धरले जातात. अर्धा इंच डोळ्यांना किरकोळ वाटतो. पण चालणाऱ्याचा पाय जमिनीलगत पुढे येतो आणि बुटाचे टोक नेमके तेथेच अडते. नोटिशीनंतर 75 दिवसांत मालकाने काम न केल्यास शहर ते करून बिल पाठविते. थकल्यास मिळकतीवर बोजा चढतो. नवी लादी साधारणतः 4 इंच, वाहने आत जाण्याच्या जागी 7 इंच जाडीची लागते. 2003 पासून पडून झालेल्या इजेचे दायित्वही बहुतांश मालकांवर आले. मालक स्वतः राहत असलेली, तीन कुटुंबांपर्यंतची निवासी घरे त्यातून वगळली आहेत. केवळ शहराच्या झाडांमुळे झालेल्या नुकसानीबाबत लहान घरमालकांना 2019 मध्ये बोजातून सवलत मिळाली. ती न्याय्यच होती. मुळे कापून केलेली दुरुस्ती झाड कमकुवत करते, आणि मुळे तशीच ठेवल्यास लादी पुन्हा उचलली जाते.

लॉस एंजेलिसने 1970 च्या दशकात मुळांमुळे झालेल्या नुकसानीची दुरुस्ती स्वतःकडे घेतली. पुढे निधी आटला आणि काम साचले. चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्यांच्या दाव्यातील तडजोडीनुसार (2016) 30 वर्षांत सुमारे 140 कोटी डॉलर खर्चायचे आहेत.

महाराष्ट्रात खर्च महापालिकेच्या अंदाजपत्रकातून होतो. नव्या कामातील दोष, दोषदायित्वाच्या मुदतीत, ठेकेदाराने विनामूल्य दुरुस्त करावयाचे असतात. केबल व जलवाहिन्यांच्या खोदाईसाठी वेगळे शुल्क घेतात. चर थरांत न ठोकता एकदम बुजवला, की पहिल्या पावसात भराव बसतो, पेव्हर ब्लॉकखालची वाळू सरकते आणि ब्लॉक डुगडुगू लागतात.