नव्या फिशटँकचे पहिले सहा आठवडे

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी. धुतलेली वाळू, नितळ पाणी आणि पहिल्याच दिवशी सोडलेले पंधरा मासे. चार-पाच दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, आठवडाभरात दोन-तीन दगावतात. मग सगळं उपसून वाळूसुद्धा नळाखाली घासली जाते, निळं औषध ओतलं जातं आणि उरलेले मासेही जातात. अशा वेळी रोग बहुधा नसतोच. माशांनीच सोडलेला अमोनिया त्यांना मारतो.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून टाकतो. उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. मुरलेल्या टाकीत तो साठत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर जीवाणूंचा थर बसलेला असतो. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तर नायट्रोस्पायरासारखे जीवाणू त्याचं पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत असेल तर बहुतेक मासे ते सोसतात. अडचण वेळेची आहे. कुजवणारे जीवाणू तासाभरातही दुप्पट होऊ शकतात, या जीवाणूंना मात्र अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणूनच नवी टाकी आधी दुधाळ होते. ती कुजवणाऱ्यांची गर्दी असते आणि काही दिवसांत आपोआप ओसरते. त्यासाठी टाकी धुवायची गरज नाही.

टाकी मासे सोडण्याआधीच तयार करणं सर्वांत चांगलं. वाळू भरल्यावर दोन फुटी टाकीत जेमतेम ५० लिटर पाणी मावतं. क्लोरीन काढलेल्या त्या पाण्यात ०.३ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर, विरघळवलं की अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होतो. कल्हईसाठी मिळणारा नवसागर नको; प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून घ्यावा. फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि थेंबांच्या चाचणी-किटने एक दिवसाआड मोजावं. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. अमोनिया शून्य झाला की तीच मात्रा पुन्हा द्यावी. टाकी २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आणू लागली की ती तयार. २५ ते २८ अंशांत याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मुरलेल्या, निरोगी टाकीतला स्पंज फिल्टरमध्ये ठेवला तर हा काळ बराच घटतो.

मासे आधीच सोडलेले असतील तर सामू, म्हणजे पीएच, समजून घ्यायलाच हवा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच फार विषारी. २५ अंशांना सामू ७ असताना विषारी रूप एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा-पाऊण टक्का असतं. सामू ८ ला ते पाच टक्क्यांच्या पुढे जातं. दुकानातून आलेल्या पिशवीत हेच घडतं. माशांच्या श्वासाने साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सामू खाली असतो. पिशवी उघडली की तो वायू निसटतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून बंद पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगवावी, मग उघडून मासे फार वेळ न लावता जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये.

अमोनिया किंवा नायट्राइट लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर दिसलं तर रोज पाव टाकी पाणी बदलावं आणि दोन दिवस खाद्य बंद ठेवावं. मोठे मासे तेवढ्याने उपाशी मरत नाहीत. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून त्याची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटवतं. मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांपाशीच अडवतं, त्यामुळे ५० लिटरला ५ ग्रॅम मीठ विरघळवून घालावं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन बादली २४ तास उघडी ठेवल्याने उडतो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) मात्र तसं जात नाही. त्याला फिशटँकसाठी मिळणारं, क्लोरीन-क्लोरामाइन काढणारं द्रावणच लागतं.

माशांची निवड आपल्या पाण्यावरून करावी. मुंबईचं तलावाचं पाणी मृदू असतं, दख्खनच्या पठारावर बोअरचं बहुधा जड. जड पाण्यात गप्पी, मोली खुलतात. निऑन टेट्राला मृदू पाणी बरं. मृदू पाण्यात आणखी एक धोका असतो. अमोनियावर काम करताना जीवाणू पाण्यातली क्षारता संपवतात, सामू ६.५ च्या खाली घसरतो आणि त्यांचं काम मंदावतं. फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवला की हे टळतं. सुरुवात सहा झेब्रा माशांनी करावी, पुढचे दोन-तीन आठवड्यांनी. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगस घेऊच नये. तो मीटरभर वाढू शकतो.

पांढरे ठिपके दिसले तर तो परजीवी आहे. औषध त्याला फक्त मासा सोडून पोहत असताना मारतं, म्हणून ठिपके गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवावेत. मिथिलीन ब्लू, म्हणजे ते निळं औषध, मुख्य टाकीत नको, ते आपले जीवाणूही मारतं; मासा वेगळ्या बादलीत काढावा.

स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, नाहीतर वीज जाताच नळीतून पाणी उलटं पंपात येतं. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला तर आतले जीवाणू गुदमरतात. वीज आल्यावर तो लगेच चालू न करता आधी त्यातलं कुबट पाणी फेकून द्यावं.