‘शाब्बास’ आवरायला शिकणं: मुलांच्या तत्त्वचर्चेमागचा इतिहास

मुलांबरोबर तत्त्वज्ञानाची चर्चा कशी चालवायची, याचं शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण देण्याची पद्धत साधारण पन्नास वर्षांची आहे. तिचं मूळ विद्यापीठातल्या एका निराशेत सापडतं. मॅथ्यू लिपमन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या 1968 च्या आंदोलनात त्यांनी पाहिलं, की विद्यार्थी असोत की प्राध्यापक, समोरच्याचं म्हणणं तपासून बोलणं कुणालाच धड जमत नाही. हे शिकवायला विद्यापीठापर्यंत थांबलं तर फार उशीर होतो, असं त्यांना वाटू लागलं. मग त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहिली. नायक हॅरी स्टॉटलमायर. नाव भरभर म्हटलं की त्यात अ‍ॅरिस्टॉटल ऐकू येतो.

सुरुवातीलाच हॅरीची वर्गात फजिती होते. तो तंद्रीत असताना सर विचारतात, लांब शेपूट असलेलं, सूर्याभोवती फिरणारं काय? सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात एवढं त्याला आठवतं आणि तो ‘ग्रह’ म्हणून मोकळा होतो. उत्तर असतं धूमकेतू. वर्ग हसतो, पण हॅरीच्या डोक्यातून ते जात नाही. ‘सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात’ हे खरं. उलटवून ‘सूर्याभोवती फिरणारे सगळे ग्रह असतात’ म्हटलं की खोटं. म्हणजे खरं वाक्य उलटवलं की खोटं होतं, असा नियम तो बांधतो. तेवढ्यात वर्गातली लिसा त्याला एक वाक्य देते, ते उलटवूनही खरंच राहतं. नियम दुरुस्त करावा लागतो. हे सगळं मुलं आपापसात करतात, मोठं माणूस मध्ये येत नाही.

1970 मध्ये लिपमननी न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरच्या एका शाळेत पाचवीच्या मुलांना हे स्वतः शिकवलं: 9 आठवडे, 40 मिनिटांचे 18 तास. तर्काच्या चाचणीत ही मुलं हे न शिकलेल्या दुसऱ्या गटाच्या 27 महिने पुढे गेली, असा निष्कर्ष निघाला. पण प्रत्येक वर्गात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक कुठून आणणार? 1974 मध्ये माँटक्लेअरच्या महाविद्यालयात यासाठी संस्था उभी राहिली आणि अ‍ॅन मार्गारेट शार्प लिपमनच्या जोडीला आल्या. शिक्षकांसाठी जाडजूड मार्गदर्शिका तयार झाल्या, मात्र मार्गदर्शिका वाचून चर्चा चालवता येत नाही. म्हणून कार्यशाळांत शिक्षकांनाच गोल करून बसवलं जाऊ लागलं. आळीपाळीने उतारा मोठ्याने वाचायचा, मनात आलेला प्रश्न सांगायचा, तो विचारणाऱ्याच्या नावासह फळ्यावर लिहायचा आणि मग त्यातून चर्चेला एक प्रश्न घ्यायचा. मिळून शोध घेणाऱ्या गटाची ही कल्पना चार्ल्स पर्स आणि जॉन ड्यूई या अमेरिकी तत्त्वज्ञांकडून आली. शिक्षकाने स्वतःचं मत आवरावं, हे तर जर्मनीतल्या गटिंगनमध्ये तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन यांनी 1922 च्या व्याख्यानातच आग्रहाने मांडलं होतं.

हे आवरणंच सगळ्यात अवघड, असं मला वाटतं. समजा एखादी मुलगी म्हणाली, “झाडाला दुखत असेल, फक्त ते ओरडू शकत नाही.” शिक्षकाच्या तोंडून सहज “शाब्बास!” निघतं. त्या एका शब्दाने बाकीच्यांना कळतं की बाईंना हवं ते उत्तर मिळालं, आणि वर उठलेले हात खाली येतात. “दुखतंय हे ओरडल्याशिवाय कळेल का?” असं विचारलं तर चर्चा पुढे सरकते. वीस-वीस वर्षं शाबासकी देत आलेल्या माणसाला ही सवय सोडायला वेळ लागतो.

1985 मध्ये डेन्मार्कमधल्या हेलसिंगॉर इथे मुलांच्या तत्त्वचर्चेसाठी आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. या उपक्रमावरच्या बीबीसीच्या 1990 च्या माहितीपटानंतर ब्रिटनमध्ये कुतूहल वाढलं आणि 1992 मध्ये तिथे याच कामासाठी ‘सपेरे’ ही संस्था निघाली. कादंबऱ्यांच्या जागी चित्रपुस्तकं आली, प्रशिक्षणही आटोपशीर झालं. इंग्लंडमधल्या 48 शाळांतल्या ज्या चाचणीचा अहवाल 2015 मध्ये आला, तिच्यात शिक्षकांना सुरुवातीला 2 दिवस शिकवून नंतर मदत दिली होती. वाचनात आणि गणितात ही मुलं इतरांपेक्षा सुमारे 2 महिने पुढे गेलेली दिसली. जवळपास 200 शाळांच्या पुढच्या चाचणीत मात्र वाचनात फरक आढळला नाही; तो अहवाल 2021 चा.

वाचनाच्या गुणांवरून या चर्चेची किंमत ठरवू नये, असं पुष्कळ शिक्षक म्हणतात आणि मला ते पटतं. पण गुण मोजून शाळांची खात्री पटवायची ही वाट लिपमननीच 1970 मध्ये पाडली होती.