मराठवाड्याच्या उन्हात कासवाचे घर

कासव पाळण्याविषयीची बहुतेक माहिती थंड देशांतून येते, आणि म्हणून तिची सुरुवात ऊब देणाऱ्या दिव्यापासून होते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणाऱ्या परभणीत, नांदेडात किंवा बीडमध्ये मात्र पहिला प्रश्न सावलीचा आणि ओलाव्याचा असतो. कासवाला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून तापमान स्थिर ठेवता येत नाही. ऊन हवे तेव्हा उन्हात आणि नको तेव्हा सावलीत सरकूनच ते आपले शरीर सांभाळते. अशी ये-जा करता येईल एवढी जागा आपल्याकडे आहे की नाही, हे ठरल्यावरच कोणते कासव आणायचे याचा विचार करावा.

निवडीचा पहिला निकष कायद्याचा आहे. काळपट पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव घरात असणे शुभ, या समजुतीने अनेक जण ते विकत घेतात. भारत, श्रीलंका आणि पाकिस्तान एवढ्याच देशांत आढळणारे हे कासव रानातून पकडून मोठ्या प्रमाणावर विकले गेल्यामुळेच २०१९ मध्ये ‘साईट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घेतले गेले, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही आले. ते बाळगल्यास ३ ते ७ वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आपल्या विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात सापडणारी देशी कासवेही संरक्षित आहेत. तीही उचलून घरी आणू नयेत. असे कासव विक्रीला दिसले, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे पिल्लू परदेशी असले, तरी ते पाण्यात राहणारे कासव आहे. त्याची निगा वेगळी, आणि कंटाळून तळ्यात सोडल्यास ते तिथल्या देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते.

उरतात ती जमिनीवरची परदेशी कासवे. ही साईट्सच्या यादीतली असल्याने त्यांची नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते, आणि कागदपत्रे नसलेल्या विक्रेत्याकडून पिल्लू घेऊच नये. दक्षिण अमेरिकेतील लाल पायांच्या कासवाला बारमाही दमट हवा लागते, म्हणून आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याचे हाल होतात. आफ्रिकेतील साहेल या उष्ण, कोरड्या प्रदेशातले सुल्काटा कासव आपल्या हवामानाला अधिक मानवते; मात्र तळहातावर मावणारे त्याचे पिल्लू पुढे ४०–५० किलोंचे होते आणि ५० वर्षांहून अधिक जगते. मोठे, बंदिस्त अंगण असलेल्यांनीच ते घ्यावे, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पिल्लू निवडताना ते आकाराच्या मानाने जड लागावे, डोळे स्वच्छ असावेत, नाकातून बुडबुडे येत नसावेत आणि पाय ओढताच त्याने ते जोराने आत घ्यावेत.

साहेलमध्ये हे कासव उन्हापासून वाचते ते खोल बिळामुळे. जमिनीखाली काही फुटांवर दिवस-रात्रीचा तापमानातील फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि ओलही टिकते. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीमुळे दुपारी गारवा राहतो, त्यामागेही मातीचा हाच गुण आहे. पण मराठवाड्यातील काळ्या जमिनीत कासवाला बीळ खणू देणे धोक्याचे आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि खचते, आणि खचलेल्या बिळात कासव गुदमरू शकते. त्यामुळे मुरूम भरून अंगणाचा एक भाग उंच करावा, त्यावर विटांच्या भिंती आणि फरशीचे छत असलेले अर्धवट जमिनीत रुतलेले घर बांधावे, वरून मातीचा जाड थर द्यावा आणि आतली माती उन्हाळ्यात रोज शिंपून ओलसर ठेवावी. कुंपण भक्कम आणि आरपार न दिसणारे असावे, कारण पलीकडचे दिसले की कासव तासन्‌तास तिथेच धडका देत राहते. लहान पिल्लावर कावळा, मुंगूस आणि कुत्रा यांच्यापासून रक्षणासाठी जाळी हवी.

ओलीचा संबंध थेट कवचाशी आहे. पिल्लांच्या पाठीवरील प्रत्येक खवला पिरॅमिडसारखा वर येण्याचा विकार फार प्रथिने खाल्ल्याने होतो, असे पूर्वी मानले जात असे. सुल्काटाच्या पिल्लांवरील प्रयोगांत मात्र कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा बराच मोठा आढळला. हाडे आणि कवच घट्ट होण्यासाठी कॅल्शियम लागते, आणि ते आतड्यातून शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व कासवाच्या त्वचेत २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांमुळे तयार होते. साध्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत, म्हणून खिडकीतले ऊन कितीही लख्ख असले तरी पुरत नाही. सकाळचे मोकळे ऊनच हवे.

आहारात गवताचा वाटा सर्वांत मोठा असावा. हरळी, मारवेल, जास्वंदीची पाने-फुले आणि काटे काढलेला फड्या निवडुंग उत्तम. पालकातील ऑक्झलेट हे द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे तो क्वचितच द्यावा. कोवळ्या ज्वारीने गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्याला माहीत आहे. ती कासवालाही घालू नये. पोळी, भात आणि डाळ त्याचे अन्न नव्हे.

सुल्काटा हिवाळी झोप घेत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. अशा रात्री कासवाच्या घरात उष्णता देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावावा, आणि वीज जाण्याची शक्यता धरून प्रवेशद्वारावर जाड पोत्याचा पडदा सोडावा.

कासवाच्या त्वचेवर आणि विष्ठेत माणसाला पोटाचे आजार करणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. हात लावल्यावर साबणाने धुणे मुलांना शिकवावे, आणि कासवाला सारखे उचलू नये हेही सांगावे. कोरड्या प्रदेशातील कासवे मूत्राशयात पाणी साठवून ठेवतात आणि घाबरल्यावर ते एकदम सोडून देतात. उन्हाळ्यात तसे झालेच, तर त्याला त्याच दिवशी हनुवटीखाली राहील इतक्या कोमट पाण्यात वीस मिनिटे ठेवावे.