केगलचा हरवलेला काटा: पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपीची पार्श्वभूमी

बाळंतिणीला घरी सोडताना दवाखान्यातून जो कागद मिळतो त्यावर लोहाच्या गोळ्या, टाके, बाळाची लस यांच्या खाली कुठेतरी एक ओळ असते: ‘केगल व्यायाम करणे’. कुठला स्नायू, किती वेळा, कसा, काही नाही. घरी मालिशवाली येते, शेक-शेगडी होते, पोट करकचून बांधलं जातं, डिंकाचे लाडू वळले जातात, आणि ती ओळ फाइलमध्येच राहते. पुढे कधीतरी जोराची शिंक येते, लघवीचे दोन थेंब निसटतात आणि बाई पायात पाय अडकवून उभी राहते. गंमत म्हणजे त्या ओळीत ज्याचं नाव आहे, त्या डॉक्टरने नुसती ओळ लिहून कुणाला घरी पाठवलं नव्हतं.

अर्नॉल्ड केगल हे लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ. १९४८ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगांच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्याच्या शीर्षकात ‘क्रमाक्रमाने वाढत्या प्रतिकाराचा व्यायाम’ असे शब्द होते. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे दुबळे पाय वजनं वाढवत वाढवत बळकट करण्याचं तंत्र टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने नुकतंच मांडलं होतं, त्याच काळाची ही भाषा. पण मांडी दिसते, वजन मोजता येतं. केगलना जो स्नायू बळकट करायचा होता तो डोळ्यांना दिसत नाही, आणि तो आपल्याला आहे हेच पुष्कळ बायकांना माहीत नसतं.

पुढे जघनाचं हाड, मागे माकडहाड आणि त्यामध्ये बाजेच्या नवारीसारखी विणलेली स्नायूंची झोळी. हाच पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाचा तळ. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांचा भार तिच्यावर. बाळंतपणात ती कमालीची ताणली जाते, कधी फाटतेही. नवार सैल पडली की बाज मध्येच खोलगट होते, तसंच इथे होतं. लघवी निसटते, वारा अडवता येत नाही, किंवा गावाकडच्या बायका म्हणतात तसं ‘अंग बाहेर येतं’.

केगल आधी बोटाने तपासत. योग्य स्नायू हलतो आहे याची खात्री झाली की मग पेरिनिओमीटर. हे उपकरण साधंच होतं: योनीत ठेवायची हवा भरलेली रबरी कुपी, तिला जोडलेली नळी, आणि बाहेर रक्तदाबाच्या यंत्रासारखी ० ते १०० अशी तबकडी. बाईने स्नायू आवळला की काटा सरकायचा, सोडला की परत यायचा. आज काटा कुठवर गेला, मागच्या आठवड्यात कुठे होता, हे तिला स्वतःला दिसायचं. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी वीस मिनिटं, असा व्यायाम ते द्यायचे. ‘बायोफीडबॅक’ हा शब्द रुळायला अजून वीसेक वर्षं अवकाश होता, पण ही गोष्ट तीच होती. माझ्या मते केगलचा खरा शोध व्यायाम नाही, तो काटा आहे.

कारण व्यायाम त्यांच्या आधीपासून होता. एकोणिसाव्या शतकात स्वीडनमध्ये थूर ब्रांट नावाचा लष्करातला मेजर, म्हणजे डॉक्टर नसलेला माणूस, गर्भाशय खाली सरकलेल्या बायकांवर मालिश आणि कसरतींचे उपचार करत असे. १९३६ साली लंडनमध्ये मार्गारेट मॉरिस या नर्तिकेने सेंट टॉमस हॉस्पिटलच्या मिनी रँडेल यांच्यासोबत बाळंतपणाच्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांचं पुस्तक काढलं, आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं-सोडणं त्यात स्पष्ट सांगितलेलं आहे. केगलच्या निबंधाच्या बारा वर्षं आधी. नाव मात्र डॉक्टरचं पडलं. जगभर असंच होतं, त्यात नवल नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी योगातल्या मूळबंधाची आठवण काढतंच, आणि ती अगदीच अस्थानी नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंधाचं वर्णन शरीरशास्त्राच्या तासाला शोभेल इतकं नेमकं आहे. गुद आणि जननेंद्रिय यांच्यातली चार बोटं जागा घ्यायची, दोन्हीकडून दीड-दीड बोट सोडायचं, मध्ये उरलेल्या एका बोटावर टाच दाबून बसायचं. आज फिजिओथेरपिस्ट ज्याला पेरिनियम म्हणते तीच ही जागा. पण तिथे चाललाय योगसाधनेचा विचार, कुंडलिनी जागवण्याचा. खोकताना लघवी निसटणाऱ्या बाळंतिणीचा नाही. जागा तीच म्हणून उपचारही तोच, असं म्हणता येत नाही.

केगलनंतर झालं ते असं: व्यायामाचं नाव जगभर गेलं, काटा मागे राहिला. बोटाने तपासायला, शिकवायला आणि पुन्हा बोलावून मोजायला वेळ लागतो, ओळ छापायला लागत नाही. शिवाय तो काळ शस्त्रक्रियेच्या भरभराटीचा होता, आणि त्यात मुंबईचं नाव मोठं होतं. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांचं नाव आज गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यामुळे जगभर घेतलं जातं, पण गर्भाशय खाली उतरण्यावरही त्यांनी शस्त्रक्रिया बसवल्या. डॉ. पुरंदरे यांच्या नावाची सर्व्हायकोपेक्सी ही शस्त्रक्रिया तरुण बायकांचं गर्भाशय न काढता वर बांधून ठेवण्यासाठी वापरली जाते. त्याच मुंबईत, केईएममध्ये, १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, ती पोलिओच्या साथीमुळे. तिच्यासमोर पहिला प्रश्न लुळ्या पडलेल्या पायांचा होता.

छापील ओळीचं काय होतं ते १९९१ साली अमेरिकेत रिचर्ड बम्प आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. ४७ बायकांना त्यांनी हा व्यायाम थोडक्यात, फक्त तोंडी समजावला आणि मग उपकरणाने तपासलं. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. चौथा हिस्सा बायका तर असं काही करत होत्या की लघवी अडण्याऐवजी निसटावी. स्नायू वर ओढून घ्यायच्या ऐवजी खाली जोर. म्हणजे केगलच्या नावाने बरोबर उलटी क्रिया, तीही रोज, निष्ठेने.

मधल्या काळात विजेचे झटके देणारी यंत्रं आली, स्लोव्हेनियाच्या प्लेव्हनिक यांनी १९८५ मध्ये योनीत धरून ठेवायचे वजनी शंकू आणले. या सगळ्यांचा निकाल लावला नॉर्वेच्या कारी बो यांनी. त्या फिजिओथेरपिस्ट. १९९९ साली त्यांच्या गटाने १०७ बायकांवर व्यायाम, वीज आणि शंकू यांची तुलना केली, आणि साधा व्यायाम सरस ठरला. अर्थात तो साधा म्हणजे तपासून शिकवलेला आणि मागे लागून करून घेतलेला. २००६ मध्ये ब्रिटनच्या नाइस या, उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने मार्गदर्शनच काढलं: किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम हा पहिला उपचार, दिवसातून तीनदा किमान आठ आकुंचनं. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात, खोकला-शिंकेच्या तक्रारीच्या बायकांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के बऱ्या झाल्याचं म्हणाल्या, न करणाऱ्यांत ६ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अंग बाहेर येण्यावर आधार म्हणून योनीमार्गे बसवायच्या कृत्रिम जाळ्यांची विक्री थांबवली.

पुरुषांबद्दल इतकंच, की प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनाही हेच व्यायाम दिले जातात. बेल्जियममधल्या २००० सालच्या चाचणीत फायदा ठळक दिसला, ब्रिटनमधल्या २०११ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही.

आणि काही जणींना हा व्यायाम देऊच नये, ही या गोष्टीतली सगळ्यात उशिरा पोचलेली बाजू. ज्यांचा स्नायू सैल नसून कायम आवळलेला आहे, ज्यांना बसताना, संबंधाच्या वेळी, लघवीनंतर दुखतं, त्यांना आणखी आवळायला सांगणं म्हणजे पेटका आलेल्या पोटरीला पळायला लावणं. जॉर्ज थीली या अमेरिकन डॉक्टरने १९३७ मध्येच माकडहाडाच्या दुखण्याचा संबंध या आवळलेल्या स्नायूंशी लावला होता आणि गुदमार्गातून हलक्या मालिशीचा उपचार दिला होता. २०१२ साली मूत्राशयाच्या दुखण्याच्या ८१ बायकांवरच्या चाचणीत नेमक्या स्नायूंवर हाताने केलेल्या उपचाराने ५९ टक्के जणींना आराम पडला, सर्वसाधारण मालिशीने २६ टक्क्यांना. सैल की आवळलेला, हे ओळखायला पुन्हा तपासणाराच हात लागतो.

इथे आपली अडचण सुरू होते. डॉ. राणी बंग यांच्या गटाने गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. दुखणं होतं, त्याला शब्दही होते. विचारणारं कुणी नव्हतं.

आता मुंबई-पुण्यात ही फिजिओथेरपी मिळते. पहिल्या भेटीत बहुतेक वेळ बोलण्यात जातो. मग बाईची परवानगी घेऊन, हातमोजा घालून, एका बोटाने तपासणी. “ताई, वारा अडवता तसं आत आणि वर ओढा. श्वास नका रोखू. पोट नाही, मांड्या नाहीत.” ब्रिटिश फिजिओथेरपिस्ट जो लेकॉक यांच्या मोजपट्टीवर ० म्हणजे काहीच हालचाल नाही, १ म्हणजे नुसती फडफड, ५ म्हणजे जोरदार पकड. काटा नाही, पण आकडा आहे, आणि तो कागदावर लिहिला जातो. बहुतेकींचा पहिला आकडा ऐकून चेहरा पडतो. त्यानंतर शिकवायची गोष्ट १९९८ मध्ये अमेरिकेत तपासून पाहिलेली, अगदी छोटी: खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. ती एक-दोनदा उलटं करते, स्वतःच हसते, आणि हसताना आवळायचं राहूनच गेलं हे तिच्या लक्षात येतं.